मिरजेच्या गाडीतलं पॅरिस

मिरजेहून आम्ही नवरा-बायको साताऱ्याला निघालो होतो. समोरच्या बाकावर साठीच्या एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. दाणे आधी आमच्या हातावर ठेवायच्या, मग स्वतःच्या तोंडात टाकायच्या. ओळख ना पाळख, पण नको म्हणायची सोय नव्हती.

मी बायकोला पॅरिसचा बेत ऐकवत होतो. चारच दिवस मिळणार होते, म्हणून रोज पहाटे उठून टॉवर, चर्च, म्युझियमं, संध्याकाळी बोटीत जेवण, असं सगळं ठासून भरलं होतं.

बाईंचा हात थांबला. "आवं दादा, ह्यात बसायचं कवा?"

"बोटीत बसायचंच आहे की!"

"मी काशीला गेलते. गाईडानं पळवत पळवत समदी देवळं दावली. आता डोळं मिटलं, की देव दिसत न्हाई, म्होरं पळणाऱ्या गाईडाचं टक्कल दिसतंय."

बायको खळखळून हसली. बाई तिच्याकडे वळल्या. "तुला गं काय बगायचंय?"

बायकोनं हातातले दाणे तोंडात टाकले. मग म्हणाली, "मला उशिरापर्यंत झोपायचंय. आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा अंथरुणात बसून प्यायचाय."

"येवढंच? मग इमानात कशाला बसतीस? ताकारीला उतर माझ्यासंगं. लय झकास चहा करते."

ताकारी आली. बाई उतरल्या आणि खिडकीशी येऊन म्हणाल्या, "येतीस न्हवं?"

बायको खरंच उठून उभी राहिली. मी तिचा हात धरला आणि तिच्यादेखत मोबाईलवरच्या बेतातून सकाळची सगळी म्युझियमं रद्द केली. तेव्हा कुठे ती खाली बसली.