पाचनंतरची रांग

माझे धाकटे दीर आणि मी गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलोच तर ते मोबाइल काढतात, मी पदर सारखा करते आणि आम्ही दोन दिशांना जातो. नातेवाइकांना वाटतं, फ्लॅटच्या वाटणीवरून काहीतरी असेल. वाटणीचा काही संबंध नाही. एका बातमीवरून झालं ते.

तेव्हा मी खांदा कॉलनीतल्या एका शाळेत शिकवत होते. नवीन पनवेलला आमचा फ्लॅट. घरात मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि हे दीर. दीर एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होते. त्या दैनिकाचे मालक आणि आमच्या मतदारसंघातला एक उमेदवार यांचं किती सख्य आहे हे रिक्षावाल्यांनाही ठाऊक होतं. प्रचाराच्या दिवसांत पेपर उघडला की पहिल्या पानावर तो उमेदवार हात जोडून, तिसऱ्या पानावर म्हाताऱ्यांच्या पाया पडताना, आणि आत कुठेतरी त्याच्या विरोधकाच्या सभेतल्या रिकाम्या खुर्च्या.

मी एकदा जेवताना म्हटलं, "भाऊजी, त्या सभेच्या वेळी मी तिथूनच भाजी घेऊन येत होते. मैदान भरलं होतं."

दीर हसले. "वहिनी, सभा सुरू व्हायच्या आधी फोटो काढला तर खुर्च्या रिकाम्याच दिसणार ना!"

सासूबाईही हसल्या. मी पोळी वाढली आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

विधानसभेच्या त्या निवडणुकीत मला बेलपाड्याच्या केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी लागली. खारघरमध्ये तेव्हा चहूकडे टॉवर उठत होते आणि त्यांच्या मधोमध हे जुनं गाव. मतदान पाचला संपायचं. दुपार अगदी शांत गेली. पावणेपाचला डोंगराकडच्या वाडीतले कातकरी बायका-पुरुष एकदम आले. जवळच्याच एका बांधकामावर ते कामाला होते. मतदानाची सुट्टी असूनही मुकादमाने त्यांना साडेचारपर्यंत सोडलं नव्हतं. हातापायांवर सिमेंट तसंच होतं. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं आणि ते सारखं तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं.

पाच वाजले तेव्हा फाटकाच्या आत एकतीस माणसं रांगेत होती. नियम अगदी साधा आहे. पाचच्या ठोक्याला जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं, नंतर आलेल्याला नाही. मी रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून माझ्या सहीच्या, नंबर घातलेल्या चिठ्ठ्या वाटल्या, त्याच्यामागे पोलीस उभा केला आणि फाटक बंद करवलं. सगळ्या उमेदवारांचे एजंट तिथेच होते. मी काय केलं ते मी केंद्राच्या डायरीत लिहिलं आणि खाली त्यांनी सह्या केल्या. त्या लाडक्या उमेदवाराच्या एजंटनेसुद्धा केली.

साडेपाचच्या सुमाराला दीर फाटकाशी आले. गळ्यात कॅमेरा.

"वहिनी, अजून रांग कशी काय?"

मी फाटकापाशी जाऊन सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं, नंबरांचं, एजंटच्या सह्यांचं. त्यांनी मान डोलावली. वही मात्र खिशातून काढली नाही. मग थोडा अंधार पडू लागला, व्हरांड्यातली ट्यूब लागली, तेव्हा त्यांनी गजांमधून दोन-तीन फोटो काढले आणि मला हात करून गेले. शेवटचं मत सव्वासहाला पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांनी पेपर माझ्यापुढे ठेवला आणि ते आंघोळीला गेले. 'मुदत संपल्यावरही मतदान; बेलपाड्यात टेम्पोने आणले मतदार.' खाली तो ट्यूबच्या उजेडातला फोटो, पुढे ती लेकरूवाली बाई. बातमीत लिहिलं होतं की विरोधी उमेदवाराच्या लोकांनी दारू-पैशांच्या आमिषाने आदिवासींना आणलं आणि केंद्राध्यक्षांनी डोळेझाक केली.

दीर झोपले होते. मी दार वाजवलं.

"भाऊजी, हे काय आहे?"

"डेस्कवर बदललं असेल गं," ते उशीतूनच म्हणाले. "माझ्या हातात नसतं ते. तुझं नाव कुठे आलंय त्यात?"

माझं नाव नव्हतं, पण त्या केंद्रावर केंद्राध्यक्ष एकच होती. त्याच दिवशी त्या उमेदवाराच्या माणसांनी बातमीचं कात्रण जोडून तक्रार केली. मतमोजणी झाली आणि तो उमेदवार भरघोस मतांनी निवडून आला. पेपरात पानंच्या पानं गुलाल. त्याला आता त्या तक्रारीची गरज उरली नव्हती आणि ती मागे घ्यायचं कोणाला सुचलंही नाही. मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली. शाळेत माझ्या खुर्चीशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, प्रकरण मिटेपर्यंत दहावीचे वर्ग दुसऱ्या कोणाला देऊ या."

मतदार कसे आले, असं नोटिशीत विचारलं होतं. म्हणून रविवारी मी वाडीवर गेले, त्या लोकांकडून लिहून घ्यावं म्हणून. ती फोटोतली बाई झोपडीबाहेर सरपण फोडत होती. मला तिने ओळखलं, पण बस म्हणाली नाही. आत जाऊन पेपरचा घडी घातलेला तुकडा घेऊन आली.

"मुकादमानं दिला. म्हनला, तुमचा लफडा झालाय, पोलिस येनार हाय, कामावर येऊ नका. काय लिवलंय यात? वाच."

मी वाचू लागले. 'दारू' या शब्दापाशी आले आणि थांबले.

"थांबलीस का? पुढं वाच की."

मी वाचलं. तिने कुऱ्हाड खाली ठेवली.

"आमी चालत आलो. तू बघलंस ना? टेम्पो कुनाचा?"

"टेम्पो नव्हताच."

"मंग लिवलं कोनी?"

खोटं बोलता आलं असतं. "माझ्या दिराने," मी म्हटलं.

"तुज्या घरातला मानूस हाय, आनि इचाराया हितं आलीस? जा, त्याला इचार."

मी कागद पुढे केला. तुम्ही चालत आलात एवढंच यावर लिहिलंय, खाली अंगठा द्या, म्हणाले.

"एकदा दिला अंगठा. तवा हे झालं. आता नाय देनार." तिने पुन्हा कुऱ्हाड उचलली. बाकीच्यांनीही नकार दिला. मी तशीच परत आले. रस्ताभर मला तिचा राग येत होता, आणि तिचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं म्हणून आणखी येत होता.

दोन दिवसांनी मी घरच्या कॉम्प्युटरवर माझं उत्तर टाइप करायला बसले. दीर त्याच्यावरच बातम्या टाइप करून पेन ड्राइव्हवर घेऊन जायचे. अलीकडच्या फायलींच्या यादीत एका फाइलचं नाव 'मतदान रात्री' असं होतं. मी ती उघडली. तीच बातमी. टेम्पो, दारू, डोळेझाक करणारे केंद्राध्यक्ष, अंधारात उभे असलेले आदिवासी. फक्त गावाच्या नावाच्या जागी टिंबं होती. '......... येथील केंद्रावर.' फाइल मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारची होती.

त्या क्षणापर्यंत माझ्या मनात कुठेतरी होतं की डेस्कने बदललं असेल. आता कळलं की ते बेलपाड्याला बातमी शोधायला आले नव्हते. टिंबांच्या जागी घालायला एक नाव हवं होतं. ते माझ्या केंद्रावर मिळालं, आणि समोर वहिनी आहे म्हणून त्यांचा हातही अडला नाही.

मी त्याची प्रिंट काढली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

त्यांनी वाचली, घडी घातली. "सगळेच करतात. आधी तयार नाही ठेवलं तर पान सुटायच्या वेळी काय देणार? विरोधकांचाही पेपर असंच छापतो आमच्याबद्दल."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. फाटकाशी उभं राहून सांगितलं होतं."

"वहिनी, तुझी नोकरी जाणार नाहीये. माझी गेली असती."

"त्या एकतीस माणसांचं काम गेलंय."

"ते मिळतं त्यांना दुसरीकडे," ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

त्यांच्या तोंडावर तो चहा फेकावा असं मला वाटलं. मी म्हटलं, "ही प्रिंट मी उत्तराला जोडणार आहे."

त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणवत नाही. सासूबाई रडल्या, देवापुढे जाऊन बसल्या, मला म्हणाल्या, "तू परक्या घरची ती परक्या घरचीच." मिस्टरांनी मला गॅलरीत नेलं. "चिठ्ठ्या आहेत, सह्या आहेत, तू सुटतेसच की. मग भावाला का अडकवतेस?" मी विचारलं, "त्याने मला अडकवलं तेव्हा तू त्याच्याशी काय बोललास?" ते रेलिंग धरून खाली पार्क केलेल्या गाड्या बघत बसले.

मी प्रिंट जोडली.

तहसील कार्यालयातल्या साहेबांनी चिठ्ठ्यांचे क्रमांक पाहिले, डायरी पाहिली, एजंटच्या सह्या पाहिल्या. "तुमचं सगळं व्यवस्थित आहे, मॅडम." मग प्रिंट उचलून माझ्याकडे सरकवली. "हे आमच्या कामाचं नाही. पेपरवाल्यांशी कोण वाकडं घेणार? घरी घेऊन जा."

"निदान नोंद तरी करून घ्या."

"मॅडम, तुम्ही सुटलात ना?"

नोटीस निकाली निघाली. दैनिकाला मी खुलाशाचं पत्र पाठवलं, रजिस्टर्ड. ते पोचल्याची पावती आली, खुलासा काही छापून आला नाही. दीर महिन्याभरात खारघरला भाड्याने राहायला गेले. वर्षभरात ते त्याच पेपरात ब्युरो प्रमुख झाले. सासूबाईंनी पेढे वाटले. माझ्या वाटीत ठेवलेला पेढा मी उचलला नाही, तो संध्याकाळी मोलकरणीने नेला.

नोटीस निकाली निघाल्याचं सांगायला मी पुन्हा एकदा वाडीवर गेले होते. माझ्यावर झालेला आरोप खोटा ठरला म्हणजे त्यांच्यावरचाही खोटा ठरला, असं मला त्या फोटोतल्या बाईला सांगायचं होतं. झोपडीला बाहेरून दोरी बांधलेली होती. शेजारच्या अंगणात एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, ती घरच्यांना घेऊन पेणकडं वीटभट्टीवर गेली, आता पावसाळ्यालाच येल.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पेपरात येनार का हे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग मुकादमाला कसं कलनार?"

तो उठून कोंबड्यांना हाकलू लागला आणि मी टेकडी उतरायला लागले.