सगळ्यांना उठवणाऱ्या अम्मा

माझी सासू महाहट्टी बाई होती. आज तिची बरसी आहे म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

मी नव्वदी कधीच ओलांडली. बोलतेय मी, टाईप करतोय नातू. चुका त्याच्या, राग माझा.

रागाला निमित्तही तोच. काल जेवताना सांगत होता, ऑफिसात ट्रेनिंग झालं. संकटात न डगमगणारी, फ्लेक्सिबल कंपनी कशी उभी करायची. मोठ्या हॉटेलात, स्क्रीनवर चित्रं दाखवून.

म्हटलं, तुझ्या पणजीने हे भिंगारला पत्र्याच्या शेडमध्ये केलं होतं. आणि त्यात एक घोडचूकही केली होती. ती होती का तुमच्या स्क्रीनवर?

नव्हती म्हणे.

मग ऐका.

लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. मी नुकतीच लग्न होऊन आलेले. आमचा कातड्याचा कारखाना. घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे, सगळं लष्कराच्या छावणीसाठी. सासरे वारलेले, कारखाना अम्माच, म्हणजे माझ्या सासूबाईच चालवायच्या.

अम्मांचा एक नियम होता. दर आठवडी बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी जागा बदलायची. कापणारा शिवायला, शिवणारा घासायला, घासणारा बकल ठोकायला.

त्या दिवशी काम निम्मं व्हायचं. आमचे हे वैतागायचे, कारागीर तर रडकुंडीला यायचे.

"अम्मा, माजा शिलाईला हात बसलाय. मला कापायला कशापायी बसवता?" गेनू दर बाजारी विचारायचा. आमचा सगळ्यात जुना कारागीर.

"हात बसलाय म्हनूनच ऊठ," अम्मा म्हणायच्या.

बस्स. का, कशासाठी, काही सांगणं नाही. मलाही चुलीपुढून उठवून कातडं शिवायचा टोचा हातात दिला. बोटं सोलून निघाली तरी ऐकलं नाही.

मग लढाई संपली. छावणीला घोडे नकोसे झाले, मोटारी आल्या. आमचं काम एकदम बंद.

शेडमध्ये अर्धवट खोगिरं पडलेली आणि माणसं नुसती बसलेली.

"निम्मी माणसं घरी पाठवू," हे म्हणाले.

"कुनीबी घरी जायचं न्हाई," अम्मा म्हणाल्या. आणि बुरखा घालून पारनेरच्या बाजाराला गेल्या.

तिथे पिठाची गिरणी बंद पडलेली दिसली. इंजिनाचा पट्टा तुटलेला, नवा कुठे मिळत नव्हता. अम्मांनी गिरणीवाल्याला शब्द दिला, पट्टा आम्ही देतो.

आम्ही जन्मात गिरणीचा पट्टा केला नव्हता!

पण काय सांगू, करायचा कसा ते जमलं. पट्ट्याचा सांधा कसा तासायचा, दुहेरी शिलाई कुठे घ्यायची, प्रत्येकाने काहीतरी सुचवलं. कारण प्रत्येकाचा हात सगळ्या कामांतून फिरलेला होता. तेव्हा कुठे आम्हाला त्या जागा बदलण्याचा अर्थ कळला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अम्मा टायफाईडने पडल्या.

आता माझा राग ऐका.

सगळ्यांना सगळं येत होतं. एक सोडून. कातडं निवडणं.

ते काम दाराजवळच्या फळीवर बसून फक्त अम्मा करायच्या. सगळ्या कारखान्याला उठवलं, पण स्वतः त्या फळीवरून कधी उठल्या नाहीत.

आम्ही आमच्या अंदाजाने कातडं घेतलं. पट्टा गिरणीवर चढला, ताणला, सैल होऊन चाकावरून घसरला.

गिरणीवाल्याने तो आणून शेडच्या दारात टाकला. "पुढच्या बाजारापत्तुर नीट पट्टा द्या, न्हाईतर मी दुसऱ्याकडनं करून घेतो."

हे परत म्हणाले, आता माणसं घरी पाठवायचीच.

मी तरातरा अम्मांच्या खाटेशी गेले. आजारी माणसाशी असं बोलू नये, माहीत आहे. पण बोलले.

"सगळ्यांना उठवलंत. मग तुम्ही का नाही उठलात?"

अम्मा म्हणाल्या,

"भ्या वाटायचं गं. रांडमुंड बाई मी. समद्यांना समदं आलं, तर माजी गरज काय ऱ्हाईल?"



त्यांनी खाट उचलून शेडमध्ये न्यायला लावली. ताप अंगात तसाच. माझा हात धरून कातड्यावर फिरवला. "हे जनावराच्या पोटाचं. मऊ हाय, ताणतंय, ह्ये घ्यायचं न्हाई. ही पाठ. पट्टा पाठीचाच." मग गेनूचा हात धरला, मग बाकीच्यांचा. एकेकाचा.

"बरी झाले की पयली मीच उठनार," म्हणाल्या. "शिलाईला बसनार."

दुसरा पट्टा गिरणीवर चढला आणि हलला नाही. गिरणी सुरू झाल्याचा निरोप अम्मांनी खाटेवर ऐकला.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्या गेल्या.

आजही चिडते मी. 'भीती वाटते' हे दोन शब्द बोलायला टायफाईड कशाला व्हायला हवा होता? अम्मा, धडधाकट असताना बोलला असतात तर मी तुम्हाला टाके घालायला शिकवलं असतं. हसलो असतो आपण.

पुढचा बाजार आला. सगळे उठले, जागा बदलल्या. दाराजवळची फळी मात्र रिकामीच. तिच्याकडे कोणी बघेना.

शेवटी गेनू म्हणाला, "भाभी, बसा तितं. पन पुढच्या बाजारी उठायचं हां."

मी बसले.

आणि पुढच्या बाजारी उठले. गेनू बसला.

गिरण्यांचे पट्टे करत राहिलो, कोणीही घरी गेलं नाही, अम्मा. अल्ला तुमच्या कबरीत उजेड ठेवो.

तुमच्या सुनेचा सलाम. रागासकट.