पगारी सून

माझ्या सासूबाईंना मी आंघोळ घालते आणि त्याचे पैसे मला सरकार देतं. इथे अमेरिकेत, एडिसनमधल्या कुठल्याही मराठी घरात हे वाक्य उच्चारून बघा. कोणीतरी काकू हळूच विचारतात, "म्हणजे? घरच्या माणसाचं करायचे पैसे?" हो काकू, घरच्या माणसाचं करायचे. याच काकूंच्या सासूबाई सांगलीला दोन बायांच्या हवाली आहेत. त्या बायांचा पगार इथून जातो आणि त्याला "आईंची उत्तम सोय केलीय" असं म्हणतात. बाईने पैसे घेतले की ती सोय होते, आणि सुनेने घेतले की तिची लाज निघते. मी हल्ली अशा घरी जातच नाही.

सासूबाई आमच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली. नागरिकत्वाची शपथ त्यांनी झोकात घेतली होती, हातात छोटा झेंडा धरून. मग एका सकाळी देवापाशी बसल्या बसल्या त्या कलंडल्या. डावी बाजू गेली. बोलणं तेवढं शाबूत राहिलं, आणि खरं सांगते, थोडं तेही गेलं असतं तर मी काही तक्रार केली नसती. "अगं, पाठ नीट पूस. अगं, हे पाणी आहे की बर्फ? तुमच्या नागपूरकडे अशीच भाजी करतात का गं?" दिवसभर हेच.

तेव्हा मी एका दवाखान्यात बिलिंगचं काम करत होते. ते सोडलं. सोड असं मला कोणी म्हणालं नाही आणि सोडू नकोस असंही कोणी म्हणालं नाही. सगळ्यांनी गृहीतच धरलं. नवरा म्हणाला, "आईला तुझ्याशिवाय कोणाचं पटत नाही यार." पटत माझंही नव्हतं, पण मी हाताशी होते. पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला नणंद आहे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ती व्हिडिओ कॉलवर डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." तिला निर्धास्त ठेवायचं काम मात्र अजूनही फुकटच करते मी.

पुढे हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने सांगितलं की सासूबाईंचं स्वतःचं उत्पन्न काही नाही, म्हणजे त्या गरिबांच्या सरकारी विम्यात बसतात, आणि त्या विम्यातून घरच्याच माणसाला त्यांची देखभाल करायचा पगार मिळू शकतो. किती तास लागतात ते नर्स येऊन ठरवते, तेवढ्याच तासांचे पैसे. 'गरिबांचा' हा शब्द ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "घेऊ या, पण आईला सांगायचं नाही. तिला काय वाटेल?" मला काय वाटेल हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरं मिळेना, आणि घरात नेमाने येणारा पैसा माझाच उरला. तरीही आईला सांगायचं नाही.

या नोकरीत हजेरी फोनवर लागते. काम सुरू करताना ॲपमध्ये बटण दाबायचं आणि संपलं की पुन्हा दाबायचं. सकाळी सासूबाई हाक मारायच्या, मी जाऊन आधी बटण दाबायचे आणि मग त्यांना उठवायचे. त्यांना वाटायचं मी मेसेज बघते. "आधी तुझा फोन आणि मग मी," असं रोज ऐकवायच्या. मी दात-ओठ खात त्यांच्या काखेत हात घालायचे आणि त्यांना कमोडच्या खुर्चीवर बसवायचे. बिछान्यापासून ती खुर्ची एका पावलावर आहे आणि ते एक पाऊलसुद्धा त्यांना एकटीने टाकता येत नाही.

सगळं बिघडलं ते तपासणीच्या वेळी. मदत अजून किती लागते हे बघायला नर्स येणार, असा फोन आला. सासूबाईंनी एवढंच ऐकलं की बाहेरची बाई घरी येणार. झालं! पहाटेपासून मला पिदडलं. केस धुवायला लावले. एरवी गाऊनमध्ये असतात, पण इरकली नेसायची म्हणून हटून बसल्या. अधू हातावर शाल ओढून घेतली. "ते भांडं आधी इथून हलव. परक्या माणसासमोर शोभतं का?" आणि मी? मी शहाणीने कमोडची खुर्ची आणि चाकाची खुर्ची, दोन्ही नेऊन गॅरेजमध्ये ठेवल्या. वर हॉल पुसला, उदबत्ती लावली, बेसनाचे लाडू काढून ठेवले. घरी कोणी येणार म्हटलं की आपले हात आपोआप आवरायला लागतात. ही बाई नेमका आपला पसाराच बघायला येते आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

नर्स आली ती बुटांसकट आत. दुभाष्याचं काम फोनवरून एक मराठी मुलगी करत होती. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही असा नियम होता.

"आजी, आंघोळ तुम्ही स्वतः करता का?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"हो तर! मग काय दुसऱ्याकडून करून घेऊ?" सासूबाई म्हणाल्या. "तू कुठली गं? पुण्याची का?"

"संडासला एकट्या जाता?"

"अय्या, हे काय विचारणं झालं! जाते की."

मी खोकले. डोळे वटारले. शेवटी न राहवून म्हटलं, "आई, खरं सांगा ना!" नर्सने मला हात दाखवून गप्प केलं. सासूबाई तर रंगातच आल्या होत्या. म्हणाल्या, "सून आहे, पण तिला मी कशाचाही त्रास देत नाही. आमच्याकडे सरकारने काही करायची गरज नाही. आम्ही खाऊनपिऊन सुखी आहोत. लाडू घ्या." नर्सने लाडू घेतला नाही. लिहिलं मात्र सगळं.

तास कापले. इतके कापले की उरलेल्या तासांत त्यांची आंघोळ आणि जेवण उरकलं तरी पुष्कळ झालं. बाकीचं काम होतंच, पण फुकट. नवरा म्हणाला, "तू बोलायचं ना तिथल्या तिथे." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तो वरच्या खोलीत दार लावून इंटरव्ह्यू देत होता आणि मी बोलायचं! माझ्यापुढे रस्ता सरळ होता. तास परत मिळाले नाहीत तर मला पुन्हा दवाखान्यात नोकरीला जायचं आणि सासूबाईंना नर्सिंग होममध्ये ठेवायचं. तिथे यांचं मराठी कोणाला कळणार नाही आणि पानात काय वाढलंय ते यांना कळणार नाही. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "होम काही वाईट नसतं वहिनी, प्रोफेशनल केअर मिळते."

"मग तुझ्याकडे ने की."

"आमच्याकडे जिने आहेत गं."

मी फोन आपटला. आम्ही फेरतपासणी मागितली होती, पण फेरतपासणीतही या बाई इरकली नेसून खोटं बोलणार हे मला दिसत होतं. म्हणून नवऱ्याला न विचारता मी सासूबाईंच्या समोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. तुमचं करायचा मला पगार मिळतो. त्याच पगारावर घर चाललंय. तुम्ही त्या नर्सला जे सांगितलंत त्याने तो बराचसा गेला. पुन्हा तसंच बोललात तर मी कामाला जाईन आणि तुम्हाला होममध्ये जावं लागेल.

त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"माझ्या लेकाला माहीत आहे?"

"त्यानेच सांगितलं होतं, तुम्हाला कळू देऊ नकोस म्हणून."

लेकाचं नाव निघाल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली ती अशी: "बाई, अहो बाई!" मला आधी कळेना की कोणाला हाक मारताहेत. "बाई, उठवा मला. बटण दाबलंत का? नाहीतर खाडा पडायचा तुमचा."

तेव्हापासून मी बाई झाले. बाई, पाणी. बाई, चादर बदला. आणि अहोजाहो! आयुष्यभर 'अगं' म्हणून ओरडणाऱ्या बाईने 'अहो' म्हणावं, इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. भाजी खारट झाली तर म्हणायच्या, "पगार घेऊन असं?" नणंदेला व्हिडिओ कॉलवर माझ्यादेखत सांगितलं, "मी बरी आहे. एक बाई ठेवलीय, ती करते." नणंद हसली. तिला ती गंमत वाटली. मी ओट्याशी उभी राहून भांडी इतकी आदळली की एका कढईचा कान तुटला. घरात तिघं माणसं आणि एकाचं तोंड दुसऱ्याला बघवत नव्हतं. त्या दिवसांत मी त्यांचा मनापासून द्वेष केला. पाठ घासताना हात जोरात चालायचा, तेही त्यांना कळायचं. तेव्हा मात्र त्या गप्प राहायच्या.

फेरतपासणीचा दिवस आला. या वेळी मी काही आवरलं नाही. कमोडची खुर्ची बिछान्याला लागून ठेवली, झाकणसुद्धा लावलं नाही. सासूबाईंना कालच्याच गाऊनमध्ये ठेवलं, केस विंचरले नाहीत. त्यांनी एकदा फणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी फणी उचलली नाही. माझ्याच हाताने त्यांना असं भोंगळ बसवून ठेवताना मला किळस आली, त्यांची नव्हे, त्या सगळ्या प्रकाराची. माणूस नीट ठेवलं तर सरकार म्हणतं मदत कशाला हवी! मेलं ते सरकार!

दुसरी नर्स आली. फोनवर या वेळी एक मराठी गृहस्थ होते, वयस्कर आवाजाचे. मला वाटलं, झालं, पुरुषासमोर तर या तोंडच उघडणार नाहीत.

"आजी, आंघोळ तुमची तुम्ही करता का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती घालते."

"संडासला?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "तीच उठवते, तीच बसवते. धुतेही तीच. मला एकटीला काहीही येत नाही. रात्री अंथरुणात होतं कधीकधी, तेही तीच काढते."

फोनवरच्या गृहस्थांनी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. नर्सने माझ्याकडे बोट करून विचारलं की या तुमच्या सूनबाई ना.

"नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "कामाला आहे."

नर्सने कागद बघितला. कागदात सून लिहिलंय, असं तिने फोनवरच्या गृहस्थांमार्फत सांगितलं.

"लिहिलं असेल. कामाला आहे. पगार घेते. काम बरं करते."

तास सगळे परत मिळाले, पण ते पुढे काही आठवड्यांनी कळलं. त्या दुपारी मला काहीच माहीत नव्हतं. नर्सची गाडी वळणावर गेली आणि मी त्या खोलीत शिरून अशी भडकले की बस. "सून नाही म्हणालात मला? त्या दोघांसमोर? इतकी वर्षं तुमचं हगणं-मुतणं काढलं, ते कामवालीने काढलं?"

"ओरडू नकोस." कितीतरी दिवसांनी मला 'नकोस' ऐकू आलं. "सून म्हटलं असतं तर तिने एक तास तरी दिला असता का?"

"म्हणजे?"

"पहिल्या बाईला मी सांगितलं, सून आहे. काय केलं तिने? कापले. सून आहे म्हटल्यावर कोण कशाला पैसे देईल? सुना फुकटच करतात." त्यांचा चांगला हात चादरीवरून फिरत होता. "माझी सासू मरेस्तोवर खाटेवर होती. मी केलं सगळं. ह्यांच्या बहिणी यायच्या, नाकाला पदर लावून दारातूनच बघायच्या. अगं, कोणी साधं 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही मला. सून होते ना मी."

तास सून म्हटल्याने कापले नव्हते, सगळं जमतं म्हटल्याने कापले होते. पण ते मी सांगत बसले नाही. टेबलावरची फणी घेतली आणि त्यांच्या केसांतला गुंता सोडवायला लागले.

"हळू," त्या म्हणाल्या. "आणि हे राहू दे आता. मला लागलीय, ती बाई होती म्हणून धरून ठेवली."

मी फणी टाकून त्यांच्या काखेत हात घातले. त्यांनी चांगल्या हाताने मला मागे ढकललं.

"आधी बटण दाब."

"आई, राहू दे ते, सांडेल."

"सांडू दे. तू दाब आधी."

फोन स्वयंपाकघरात होता. मी धावत गेले.