आजचं दाव की

माझ्या मेहुण्याइतका आजच्या दिवसाला घाबरणारा माणूस अख्ख्या लातूर-नांदेडात शोधून सापडायचा नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, लातुरात भागीदारीतली दाळमिल, आवाज असा की मिल चालू असताना रस्त्यापलीकडं ऐकू जावा. पण आज विक्री कशी झाली विचारा, लगेच गडी पाणी मागणार. सगळं त्या भिंतीवरच्या स्क्रीनमुळं. मिलचा धंदा त्यावर रंगीत पट्ट्यांत दिसतो अन् वर बटनं आहेत: आज, आठवडा, महिना, वर्ष, मागचं वर्ष. ज्या मुदतीचं दाबाल त्या मुदतीच्या पट्ट्या. मी चौथी शिकलेला, मलाही कळतं. यानं मात्र त्याचा खेळ केला. आजची पट्टी बुटकी दिसली की महिना दाबायचा, महिना बुटका की वर्ष. उंच पट्टी सापडेपर्यंत समोरच्या चहाला हात लावायचा नाही.

एकदा भागीदार तणतणत आला, "दुपार झाली, एक गाडी हलली न्हाई!" यानं शांतपणे वर्षाचं बटन दाबलं. "बसा मालक. कसा डोंगर उभा हाय बघा!" भागीदार डोंगर बघून, चहा पिऊन, हसत गेला. गाडी तिथंच.

मला संताप यायचा. "आजचं दाव की रं," मी म्हणायचो. "दाजी, तुमाला एका दिवसाचं लई कौतुक," म्हणायचा. घरीही तेच. वरणात मीठ जास्त पडून त्याची बायको ओशाळली तर म्हणे, "महिन्याचं धर, बरोबर हाय." डॉक्टरनं साखर वाढली म्हणून झापलं, तर त्यालाच सांगतो, "साहेब, मागच्या वर्षीची बघा की!" मी डॉक्टर असतो तर कानाखाली दिली असती.

त्या स्क्रीनवर एक हिरवी पट्टी माझ्या बायकोची होती. ती त्याची थोरली बहीण, आक्का. दर उन्हाळ्यात आम्ही आमच्या लोहा गावाहून त्याच्याकडं मुक्कामाला जायचो अन् ती मिलच्या उडदाचे पापड मागच्या शेडात दहा बायका घेऊन लाटायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. यंदा ऊन तापलं तसं लोह्याचं घर खायला उठलं, म्हणून मी एकटाच लातूरला आलो. शेडात बघतो तर उडदाच्या पिठाची पोती छताला टेकलेली.

"हे कुणासाठी रं?"

"मागच्या वर्षी एवढंच लागलं होतं, दाजी."

"आरं, लाटणारी कुठं हाय?" मी ओरडलोच. तसाच आत जाऊन रागारागानं 'आज' दाबलं. दाळीच्या पट्ट्या उमटल्या. कडेला नुसतंच नाव, 'आक्काचे पापड', अन् वर मोकळी जागा.

तेवढ्यात स्क्रीन बनवणाऱ्याचा फोन आला. कामासाठी हात मोकळा ठेवायच्या सवयीनं यानं फोन स्पीकरवर टाकला. "शेठ, पापडाची पट्टी रिकामीच येऊन राहिली. काढून टाकू का?"

मेहुणा माझ्याकडं बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला बटन सापडेना.

"काढायची न्हाई म्हण," मी म्हणालो.

त्यानं तसं सांगितलं, फोन ठेवला. मग हळूच म्हणाला, "दाजी, आजचंच राहू देऊ?"

"नगं. मागचं वर्ष दाब."

हिरवी पट्टी उभी राहिली, पार तुरीच्या दाळीच्या खांद्याला लागलेली. आम्ही दोघं बघत बसलो. उंच पट्टी सापडली होती, तरी चहाला कुणी हात लावला नाही.