ओढ्यात सोडण्यास योग्य

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागच्या आमच्या विहिरी लाल झाल्या, त्याला वर्षं लोटली. आता तेच पाणी उपसून, गाळून, शुद्ध करतात म्हणे. ते ओढ्यात सोडायला सरकारी परवाना लागतो. जमिनीत विष मुरवताना तो कुणी मागितला नव्हता, पण ते असो.

काल त्या परवान्यासाठी प्रदूषण खात्याचे साहेब आले. शुद्ध केलेल्या पाण्याच्या पाइपाखाली नमुन्याची बाटली भरताना त्यांची बोटं भिजली. त्यांनी हात अंगापासून लांब धरला, ड्रायव्हरकडून विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली मागवली आणि एकेक बोट चोळून धुतलं. रुमालाला पुसलं. मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ‘पाणी ओढ्यात सोडण्यास योग्य’ असं लिहिलं आणि झोकात सही ठोकली. नमुना अजून तपासायचाच होता!

माणसाचं खरं मत कागदावर शोधू नये. ते असं बोटांत असतं.

शेजारच्या सखूमावशी म्हैस घेऊन ओढ्यावर निघाल्या होत्या. थांबून सगळं बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, “साहेब, ती उरलेली बाटली ठेवून जा. ही पाणी प्यायली की हिचंही तोंड धुते.”