पढलेलं मीठ

कंधारात चांदपाशा पिंजाऱ्याची उशी नाही असं एक घर दाखवा, नाव बदलून टाकीन. चाळीस वर्षं त्यानं लोकांना सुखानं आडवं केलं, आणि आता त्यालाच आडवं होता येईना. पडलं की छातीवर कुणीतरी येऊन बसायचं. आधी एक उशी पुरायची, मग दोन, रमजान सरता सरता चार झाल्या.

नांदेडच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, "हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. गोळ्या जन्मभर, पाणी मोजून, मीठ बंद. रोज सकाळी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं की तसेच निघून या."

त्याची बायको कमरुन्निसा कामाला पक्की. लोणचं गेलं, पापड गेला, डाळ अळणी झाली. निजायची सुद्धा ती त्याच्या पायाशी, पाय हातात धरून. माणूस गुपचूप निघून गेला तर?

तरी काटा चढतच होता. साठ, एकसष्ट. पोटात दोन घास नाहीत आणि वजन वाढतंय! काट्यावर पाय तर दोनच दिसायचे. पाठीला कान लावला की आत पाणी खदखदायचं. आणि एका सकाळी तिला त्याच्या नडगीवर चार खळगे दिसले, ओल्या मातीत बोटं रुतवावीत तसे.

"अवो, हे कुणी दाबलं?"

"कुणी न्हाई."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे दवाखान्याचं दुखणं न्हाई, तिनं ठरवून टाकलं. गावाबाहेरच्या दर्ग्यातून दुआ पढवून मीठ आणलं, बरणी उशाशी ठेवली आणि रोज फजरच्या नमाजानंतर त्याच्या जिभेवर चिमूट ठेवू लागली. तुम्ही म्हणाल, मीठ तर बंद होतं ना? अहो, तिच्या लेखी ते मीठ नव्हतंच, तबर्रुक होतं! प्रसादाला कुणी पथ्य पाळतं का? छातीवरचं ते हटेना, तशी चिमूट मोठी झाली. काटा चौसष्टावर गेला, तरी ती नांदेडला निघाली नाही. भुताला डॉक्टर काय करणार!

एका दुपारी चांदपाशाचे ओठ निळे पडले. नशीब, गल्लीतली आशा सेविका पंचशीला तेवढ्यात फेरीला आली. तिनं आधी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, मग तिची नजर बरणीवर गेली.

"चाची, हे काय?"

"दर्ग्याचं हाय. रोज चाटवते."

पंचशीलानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं चाची, कुठलंबी असलं तरी मीठच ते! अंगात पाणी धरून ठेवतंय. तेच चढलंय छातीत."

कमरुन्निसाच्या हातून बरणी निसटली. मीठ सांडलं तर कयामतीला पापण्यांनी वेचावं लागतं, हे तिनं जन्मभर लेकरांना सांगितलेलं. आज ती त्याच मिठावर पाय देऊन गाडीकडं धावली.

गाडीत त्याच्या नडगीवर ते चार खळगे पुन्हा दिसले. तिनं भीत भीत आपली बोटं त्यांवर ठेवली. बरोबर बसली.

इंजेक्शनांनी सहा दिवसांत पाणी उतरलं. घरी परतल्यावर पहिल्या सकाळी काट्यानं अठ्ठावन्न दाखवलं. चांदपाशानं सवयीनं जीभ बाहेर काढली, आणि कमरुन्निसाचा बांध फुटला.

"मीच बसले व्हते हो तुमच्या छातीवर!"

"म्हाईत हाय मला. पढलं तरी खारटच लागायचं ते."

"मग बोलला का न्हाई? मेला असता की!"

"लई दिवस अळणी खाल्लं, कमरू. तेवढीच चव व्हती," तो म्हणाला. "आन् ते चाटवलं की तुला घडीभर झोप लागायची."