विमल गेली, अन् मले कोणी सांगितलंच नाही!

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. परवा भरसभेत मी जसा तोंडावर पडलो, तसं रायपुरात आजवर कोणी पडलं नसेल. आणि गंमत म्हणजे, पडलो तरी मी अजून थक्कच आहे!

आमच्या मराठी मंडळानं एका जुन्या, गाजलेल्या प्रेमकादंबरीवर कार्यक्रम ठरवला. कादंबरीचं नाव सांगत नाही. त्या बिचारीची शोभा मी पुरेशी केली आहे. विषय होता, कादंबरीतली वळणं आणि तिचा गाभा. वक्ता कोण? अर्थातच मी! ही कादंबरी मला तोंडपाठ आहे असं मीच गावभर सांगत सुटलो होतो ना!

आणि होतीच हो! पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी दुपारची जेवणं झाली की पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, बायका जमायच्या. कोणी तांदूळ निवडतंय, कोणी उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालतंय, आणि मध्ये आई ते पुस्तक उघडून बसलेली. निम्म्या जणींना मराठी यायचं नाही. म्हणून आई पानावर नजर ठेवून सगळं हिंदीत, छत्तीसगढीत, मध्येच मराठीत सांगत जायची. आम्ही पोरं दाराआड बसून ऐकायचो. त्यातले श्रीधर आणि विमल म्हणजे आम्हाला सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जवळचे!

व्याख्यानासाठी मी पुस्तक आणलं, सुरुवातीची प्रकरणं वाचली. तंतोतंत तेच! मग मिटून ठेवलं. पुढचं कशाला वाचायचं? सरकारी नोकरीत जन्म गेला, फाईल शेवटपर्यंत वाचायची सवयच राहिली नाही.

निघताना आई म्हणाली, "पोट्ट्या, पुस्तक पुरं वाचलं ना?"

"आई, तूच तं वाचून दाखवलं होतं!"

ती काही बोलली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आई आणि गप्प?

पहिल्या रांगेत आई, तिची पुरानी बस्तीतली मैत्रीण फुलबाई आणि आमची ही, वंदना. अध्यक्ष म्हणून नागपूरहून खानझोडे मॅडम आलेल्या. त्यांचं सगळं आयुष्य कॉलेजात मराठी शिकवण्यात गेलेलं.

मी सुरू झालो. पहिलं वळण, लग्नघरातली भेट. दुसरं वळण, तो भयंकर गैरसमज आणि विमलचं रुसून मामाच्या गावी निघणं. मॅडम माना डोलावत होत्या. मग आलं माझं लाडकं तिसरं वळण. आता आई हातानं काहीतरी खुणावू लागली. मला वाटलं, आवाज पोचत नाही. मी आवाज चढवला.

"श्रीधर धावत स्टेशनवर येतो! विमल बाकावर बसलेली. वर बघत नाही. आणि तो म्हणतो, 'विमल, रागवायचं तर रागव, पण माझ्याजवळ बसून रागव!' मंडळी, हाच कादंबरीचा गाभा! प्रेम म्हणजे काय? रागाला बसायला जागा देणं!"

काय टाळ्या पडल्या! वंदनानं तर पदर डोळ्यांना लावला. आईनं कपाळाला हात लावला.

मॅडम म्हणाल्या, "फारच सुंदर! पण हे कुठल्या प्रकरणात आहे हो?"

इथं 'आठवत नाही' म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण नाही! अंगात विद्वान संचारला होता ना! "मॅडम, मूळ आवृत्तीत आहे. पुढच्या आवृत्त्यांतून गाळलं असावं."

"आणि विमलचं पुढे काय होतं?"

"काय म्हणजे? लग्न होतं! पंगतीत बुंदी कमी पडते!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "अहो, विमल मामाच्या गावी तापानं जाते. श्रीधर पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. त्याग आणि नियती, हा तर त्या कादंबरीचा गाभा!"

"अरेरे! कधी गेली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अख्खा हॉल हसला. मला मात्र खरंच धस्स झालं. लहानपणापासून ओळखीची मुलगी! गेली, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!

तेवढ्यात फुलबाई ताडकन उभी. "कोन मरिस? विमल? नइ मरिस! ओकर तो बिहाव होए रहिस! बुंदी कमती पड़ गे रहिस!"

"पाहा मॅडम!" मी म्हटलं. "लग्न झालं म्हणते! साक्षीदारच उभा आहे!"

"बस कर रे आता," आई उठत म्हणाली. "मीच जगवलं तिले."

मग ती मॅडमकडं वळली.

"मॅडम, पुढचं पान पलटवलं तं ती पोरगी तापानं फणफणून राहिली होती. अन् समोर ही फुलबाई बसून. पहिलं लेकरू गेलेलं, दुसऱ्यांदा दिवस भरत आलेले. तिच्यासमोर त्या पोरीले मारू कशी? मंग पानाकडं पाहून मनानंच सांगत गेली."

"आणि ते रागवायचं वाक्य?" मॅडमनी विचारलं.

"ते तं बड्या घालता घालता सुचलं."

आता सांगा, माणसानं करावं काय? पुस्तकात छापलंय मरण, आणि ही बाई डोळे पानावरून न हलवता, रोज दुपारी, एकदाही न अडखळता एक अख्खं आयुष्य रचत होती! तेही तीन भाषांत! आणि मी जन्मभर तिला काय सांगत आलो? आज वरणात मीठ कमी आहे. फुलबाईनं तिचा हात धरला तो सोडेचना, आणि खानझोडे मॅडम व्यासपीठावरून उतरून आईच्या पाया पडल्या. आपण सभेत हरलोय हे मी साफ विसरलो.

फुलबाईला घरी सोडून आम्ही गाडीतून परत निघालो. मागे आई, पुढे माझ्याशेजारी वंदना. शंकर नगर आलं तशी वंदना माझ्याकडं वळली.

मग म्हणाली, "एक सांगा. लग्न ठरल्यावर आपण फोनवर भांडलो होतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी गोंदियाले आले अन् मले म्हटलं, 'रागवायचं तर रागव, पण माझ्याजवळ बसून रागव.' मी तं तिथंच विरघळली होती. ते तुमचं नव्हतं?"

"मी... कादंबरीतलं समजून म्हटलं होतं."

"म्हणजे ते कादंबरीतलंही नव्हतं. आईंचं होतं."

"हव," मी कसाबसा बोललो.

"म्हणजे इतकी वर्षं मी भाळून बसली, ते आईंवर?"

मागून आई म्हणाली, "मंग? कामी आलं ना वाक्य!"

"गाडी थांबवा," वंदना म्हणाली.

मी घाबरून गाडी कडेला घेतली. ती उतरली, मागचं दार उघडून आत बसली, आईचा हात हातात घेतला आणि आरशात माझ्याकडं बघून म्हणाली,

"चलो भैया. जरा धीरे चलाना, मांजी बैठी हैं."